शेरीफबरोबर पोलीस सेवेचा करार: नव्या शहरांसाठी आणि नव्या नगरसेवकांसाठी मार्गदर्शक

अमेरिकेत घर घेतलेल्या अनेक मराठी कुटुंबांना आपल्या शहराचे स्वतःचे पोलीस दल नाही, हे फार उशिरा कळते. कॅलिफोर्नियातील कुपरटिनो आणि सॅराटोगा या शहरांत गस्त घालणारे अधिकारी सांता क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) शेरीफचे असतात. डब्लिनमध्ये गाडीवर शहराचे नाव असले तरी आत बसलेला अधिकारी अलामेडा काउंटीच्या शेरीफचा डेप्युटी, म्हणजे त्याच्या हाताखालचा पोलीस अधिकारी असतो, आणि वॉशिंग्टन राज्यातील समामिश शहराचे पोलीस किंग काउंटीच्या शेरीफ कार्यालयाकडून येतात. या सर्व ठिकाणी शहर आणि काउंटी यांच्यात लेखी करार असतो आणि शहराच्या अंदाजपत्रकातील सर्वांत मोठ्या रकमांपैकी एक रक्कम बहुधा त्या करारापोटी जाते.

हा लेख सिटी कौन्सिलवर नव्याने निवडून आलेल्यांसाठी, सार्वजनिक सुरक्षा समितीवर स्वेच्छेने काम करणाऱ्यांसाठी आणि आपल्या कराचा पैसा कुठे जातो हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या रहिवाशांसाठी आहे. नियम राज्याराज्यांत वेगळे असतात. येथील उदाहरणे मुख्यतः कॅलिफोर्नियातील आहेत, कारण ही पद्धत तिथेच रुजली. एक गोष्ट मात्र सर्वत्र लागू पडते आणि पुढचे सर्व विवेचन तिच्याभोवतीच आहे. या करारातून शहर पोलिसांचे तास विकत घेते. त्या तासांचा वापर कसा व्हावा हे ठरवण्याचा अधिकार त्याबरोबर आपोआप मिळत नाही, तो कलमाकलमाने लिहून घ्यावा लागतो.

आधी रचना समजून घ्यावी

महाराष्ट्रात पोलीस दल राज्य शासनाचे असते आणि महापालिकेचा त्याच्याशी आर्थिक किंवा प्रशासकीय संबंध जवळजवळ नसतो. मुंबईचे शेरीफ हे तर केवळ मानाचे पद आहे. ही दोन्ही चित्रे बाजूला ठेवूनच अमेरिकेतील व्यवस्थेकडे पाहावे लागते. तेथील शेरीफ हा काउंटीचा कायदा-सुव्यवस्था अधिकारी असतो, काउंटीचा तुरुंग बहुतेक ठिकाणी त्याच्याच ताब्यात असतो, आणि बहुतेक राज्यांत तो थेट मतदारांनी निवडून दिलेला असतो. काउंटीचा जो भाग कोणत्याही शहराच्या हद्दीत येत नाही, तिथे गस्त घालणे हे त्याचे नेहमीचे काम असून त्याचा खर्च काउंटी करते. एखाद्या वस्तीने शहर म्हणून नोंदणी करून घेतली, की तिथल्या पोलीस बंदोबस्ताची जबाबदारी त्या नव्या शहरावर येते. मग शहराने स्वतःचे दल उभारावे, शेजारच्या शहराचे घ्यावे किंवा शेरीफला पैसे देऊन त्याचीच सेवा चालू ठेवावी, असे तीन मार्ग उरतात.

तिसऱ्या मार्गाला वजन आले ते १९५४ साली. लॉस एंजेलिस काउंटीतील लेकवूड ही युद्धानंतर झपाट्याने बांधली गेलेली घरांची प्रचंड वसाहत होती आणि शेजारचे लाँग बीच शहर तिचे एकेक तुकडे आपल्या हद्दीत सामील करून घेऊ पाहत होते. जॉन टॉड या स्थानिक वकिलाने असा मार्ग सुचवला, की वस्तीने शहर व्हावे, पण खाती न उभारता जवळजवळ सर्व सेवा काउंटीकडूनच कराराने घ्याव्यात. एप्रिल १९५४ मध्ये लेकवूड शहर झाले आणि ही पद्धत लेकवूड योजना या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यानंतर १९५५ च्या कायद्याने कॅलिफोर्नियातील शहरांना विक्रीकराचा ठरावीक वाटा मिळू लागल्यामुळे, मालमत्ता कर फारसा न वाढवता शहर चालवणे शक्य झाले आणि अशा शहरांची रांगच लागली. आज लॉस एंजेलिस काउंटीतील ८८ शहरांपैकी ४२ शहरे शेरीफकडून पोलीस सेवा घेतात.

पहिली पायरी: गरज मोजावी

करार वाचण्याआधी शहराला नेमके काय हवे आहे, हे ठरवले पाहिजे. त्यासाठी गुन्ह्यांच्या आकड्यांपेक्षा मदतीसाठी येणाऱ्या फोनची नोंद अधिक उपयोगी पडते, कारण पोलिसांचा वेळ खून-दरोड्यांपेक्षा अपघात, चोरीच्या तक्रारी, घरातील भांडणे, वाजत सुटलेले अलार्म आणि मानसिक आजाराने त्रस्त व्यक्तींना मदत करण्यात अधिक जातो. निदान मागील तीन वर्षांची नोंद शेरीफ कार्यालयाकडून मागवावी आणि ती तास, वार व भाग यांनुसार मांडून घ्यावी. शाळा सुटण्याच्या वेळी कुठे ताण येतो, शुक्रवारी रात्री कोणत्या रस्त्यावर येतो, आणि पहाटे तीन ते पाच या वेळेत खरोखर किती फोन येतात, हे एकदा कागदावर दिसले की कौन्सिलमधील निम्मे वाद आपोआप मिटतात. यातील कोणती कामे शस्त्रधारी डेप्युटीनेच करायला हवीत आणि कोणती साध्या गणवेशातील सामुदायिक सेवा कर्मचाऱ्याला देता येतील, तेही याच वेळी ठरवावे. पार्किंग, किरकोळ अपघाताचा अहवाल आणि जुन्या चोरीची तक्रार नोंदवून घेणे यांसाठी डेप्युटीचा दर मोजण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी: तासांचा हिशेब

माझ्या मते नव्या माणसाने सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा, कारण गैरसमज येथेच सर्वाधिक होतात.

एक गाडी रात्रंदिवस, वर्षभर रस्त्यावर ठेवायची तर ८,७६० तास भरावे लागतात. आठवड्याला ४० तासांप्रमाणे एका डेप्युटीचे वर्षाचे २,०८० पगारी तास होतात. त्यातून रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि न्यायालयातील साक्षीचे दिवस वजा केले, की प्रत्यक्ष गस्तीसाठी साधारण १,७५० तास उरतात, असे धरून चालावे. म्हणजे एका गाडीमागे पाच माणसे लागतात. एखाद्या नगरसेवकाने सभेत “आपल्याकडे दहा डेप्युटी आहेत” असे सांगितले, तर त्याचा अर्थ कोणत्याही क्षणी रस्त्यावर दोन गाड्या आहेत, एवढाच असतो.

म्हणूनच माणसे मोजण्याऐवजी सेवेची एकके मोजण्याची पद्धत लॉस एंजेलिस काउंटीने पाडली आहे. तिथे शहर ४०, ५६ किंवा ७० तासांची साप्ताहिक एकके विकत घेते. ५६ तासांचे एकक म्हणजे रोज आठ तास, आठवड्याचे सातही दिवस. अशी तीन एकके घेतली की १६८ तास, म्हणजे पूर्ण आठवडाभर एक गाडी मिळते. ७० तासांचे एकक म्हणजे रोज दहा तास. या एककांत नेमलेला डेप्युटी रजेवर गेला तर त्याच्या जागी दुसरा पाठवणे शेरीफवर बंधनकारक असते. याशिवाय बदली न देणारे एककही असते, आणि त्यात माणूस रजेवर गेला की ती जागा रिकामीच राहते. गुन्हे तपास किंवा शाळांशी संपर्क ठेवण्याच्या कामासाठी असे एकक घेणे शहाणपणाचे ठरते, कारण ते स्वस्त पडते आणि एक-दोन आठवड्यांच्या खंडाने फारसे बिघडत नाही. गस्तीसाठी मात्र ते कधीही घेऊ नये.

कल्पनेतले एक शहर घेऊ. त्याला चोवीस तास दोन गाड्या, सोमवार ते शुक्रवार वाहतुकीसाठी एक अधिकारी आणि एक तपास अधिकारी हवा आहे. गाड्यांसाठी ५६ तासांची सहा एकके, वाहतुकीसाठी ४० तासांचे एक, आणि तपासासाठी बदली न देणारे एक, अशी मागणी होईल. ही मागणी ज्या तक्त्यात भरली जाते तो तक्ता कराराला परिशिष्ट म्हणून जोडला जातो आणि बहुधा दरवर्षी नव्याने भरला जातो. मूळ करार अनेक पानांचा, वकिली भाषेतला आणि सर्व शहरांसाठी जवळजवळ एकसारखा असतो. आपल्या शहराचे खरे निर्णय त्या एक-दोन पानांच्या तक्त्यात असतात, म्हणून आधी तो तक्ता मागावा.

तिसरी पायरी: दर कशाचा बनतो

शेरीफ कार्यालयाने सांगितलेल्या दरात डेप्युटीचा पगार हा फक्त एक भाग असतो. निवृत्तिवेतनाचा वाटा, आरोग्य विमा, सार्जंट व लेफ्टनंट यांची देखरेख, गाडी व इंधन, डिस्पॅच (मदतीचे फोन घेऊन गाड्या पाठवणारी यंत्रणा), नोंदी, प्रशिक्षण आणि प्रशासन हे सर्व त्यात मिसळलेले असते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार काउंटीने सेवा देण्यासाठी येणारा खर्च शहराकडून पूर्ण वसूल करायचा असतो, मात्र करार नसता तरी काउंटीला करावाच लागला असता असा सर्वसाधारण प्रशासकीय खर्च शहराच्या माथी मारता येत नाही. ही सीमारेषा वादाची आहे. काउंटीच्या इतर भागांतील रहिवासी म्हणतात, की करार करणाऱ्या शहरांना सवलत मिळते. शहरे म्हणतात, की आमचे नागरिक काउंटीचा कर आधीच भरतात, मग तोच खर्च त्यांनी पुन्हा का द्यावा. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच दराची फोड घटकवार मागून घ्यावी आणि प्रत्येक घटक मागील वर्षाच्या शेजारी मांडून पाहावा.

येथे दोन धोके आहेत. पहिला म्हणजे दरवाढ. डेप्युटींच्या संघटनेशी पगाराची बोलणी काउंटी करते, त्या खोलीत शहराचा प्रतिनिधी नसतो, आणि तिथे ठरलेली वाढ पुढच्या वर्षी शहराच्या देयकात येते. कॅलिफोर्नियातील बहुतेक शहरांचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. नव्या दराचे पत्र मे अखेरीस हाती पडले तर कौन्सिलला ते मान्य करण्याव्यतिरिक्त काही उरत नाही. म्हणून अंदाजे दर किमान फेब्रुवारी-मार्चपर्यंत कळवण्याचे बंधन करारात घालून घ्यावे. दुसरा धोका दायित्वाचा आहे. डेप्युटीच्या चुकीबद्दल खटला झाला तर भरपाई कोणी द्यायची? लॉस एंजेलिस काउंटीत करार करणारी शहरे दरावर ठरावीक टक्के जादा रक्कम भरून एका सामाईक दायित्व निधीत टाकतात. त्यामुळे एका शहराच्या हद्दीत घडलेल्या घटनेचा भार इतरांवरही पडतो. आपल्याकडे अशी व्यवस्था असेल तर ती टक्केवारी कोण आणि किती वेळा बदलू शकतो, हे विचारलेच पाहिजे.

स्वतःचे दल की करार, ही तुलना करताना दोन्हीकडचे छुपे खर्च धरावेत. स्वतःच्या दलाला प्रमुख, डिस्पॅच केंद्र, पुराव्यांची कोठी, भरती, अंतर्गत चौकशी आणि विमा हे सर्व लागते, आणि लहान शहराला ते जड जाते. आर्थिक संकटात सापडलेल्या मिशिगनमधील पाँटिअॅक शहराने २०११ साली आपले दल बंद करून ओकलंड काउंटीच्या शेरीफशी करार केला. उलट कॅलिफोर्नियातील सॅन रॅमोन शहराने अनेक वर्षे शेरीफची सेवा घेतल्यावर २००७ साली स्वतःचे दल उभे केले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत, आणि एकाच्या अनुभवावरून दुसऱ्याला दोष देऊ नये.

चौथी पायरी: अधिकार कोणाचा

नव्या नगरसेवकाला सर्वांत मोठा धक्का येथे बसतो. शहर पैसे देते, पण शेरीफ शहराचा नोकर नसतो. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेनुसार शेरीफ निवडून यावा लागतो, आणि काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निर्वाचित मंडळालाही त्याच्या तपासाच्या कामात अडथळा आणता येत नाही. मग करार करणाऱ्या शहराची काय कथा! सिटी मॅनेजर, म्हणजे शहराचा मुख्य प्रशासकीय अधिकारी, एखाद्या डेप्युटीला शिस्तभंगाची शिक्षा देऊ शकत नाही किंवा त्याला कामावरून काढू शकत नाही. तो विनंती करू शकतो, आणि करारात तसे लिहिले असेल तर बदलीचा आग्रह धरू शकतो.

याचे ठळक उदाहरण वॉशिंग्टन राज्यातील ब्युरियन शहराचे आहे. सार्वजनिक जागेत तंबू ठोकून राहण्याविरुद्धचे कडक नियम या शहराने मार्च २०२४ मध्ये संमत केले. किंग काउंटीच्या शेरीफ कार्यालयाला ते घटनाबाह्य वाटले. त्यांची अंमलबजावणी करण्यास त्याने नकार दिला आणि काउंटीने थेट संघीय न्यायालयात दाद मागितली. त्या नियमांविषयी कोणाचे मत काहीही असो, करारातून उद्भवणारा प्रश्न सर्वांना सारखाच आहे: शहराने केलेला नियम शेरीफला मान्य नसेल तर पुढे काय? नव्या करारात याचे उत्तर असावे. लेखी मत किती दिवसांत द्यायचे, मध्यस्थीसाठी कोणाकडे जायचे, आणि तोवर त्या कामाचे पैसे द्यायचे की नाही, एवढे तरी लिहून ठेवावे.

याच किंग काउंटीकडून एक चांगली गोष्टही घेण्याजोगी आहे. तिथे शेरीफ कार्यालय पात्र अधिकाऱ्यांची नावे पुढे करते आणि शहर त्यांतून आपला पोलीस प्रमुख निवडते. गाडीवर आणि गणवेशावर शहराचे नाव घेण्याची सोयही आहे. प्रमुखाच्या निवडीत शहराचा शब्द असणे हे माझ्या दृष्टीने करारातील सर्वांत मोलाचे कलम आहे, कारण रोजचे शेकडो लहान निर्णय तोच माणूस घेतो. लॉस एंजेलिस काउंटीत अनेकदा एकच ठाणे अनेक शहरांना सेवा देते. लेकवूडच्या ठाण्याकडे बेलफ्लॉवर, पॅरामाउंट, आर्टेशिया आणि हवाईयन गार्डन्स ही शहरेही आहेत, त्यामुळे तिथल्या कॅप्टनला एकाच वेळी अनेक कौन्सिलना उत्तरे द्यावी लागतात. अशा ठिकाणी आपल्या शहरापुरता एक लेफ्टनंट किंवा सार्जंट संपर्क अधिकारी म्हणून नेमून घ्यावा.

पाचवी पायरी: कलमे लिहून घ्यावीत

रिक्त जागांचे कलम नसलेल्या करारावर सही करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. अमेरिकेत अनेक शेरीफ कार्यालयांना भरतीची अडचण आहे, आणि विकत घेतलेले तास कागदावर भरलेले दिसले तरी ते सक्तीच्या ओव्हरटाइमने थकलेल्या माणसांकडून भरले गेलेले असू शकतात. कलमाचा मसुदा साधारण असा असावा: “मंजूर वेळापत्रकातील तास ज्या महिन्यात ९८ टक्क्यांपेक्षा कमी भरतील, त्या महिन्याच्या देयकातून न दिलेल्या तासांची रक्कम शेरीफ कार्यालय लागू दरानुसार स्वतःहून वजा करील आणि ओव्हरटाइमने भरलेले तास मासिक अहवालात स्वतंत्र दाखवील.” यातील “स्वतःहून” हा शब्द वकिलांना गाळू देऊ नये, तो गेला की वजावट मागण्याचे ओझे शहरावर येते आणि मग ती मागितली जात नाही.

शेजारच्या शहरात मोठी घटना घडल्यास आपली गाडी मदतीला जाणारच, आणि ते योग्यच आहे, परंतु तो वेळ कोणाच्या खात्यावर लिहायचा हे ठरलेले असावे. लॉस एंजेलिस काउंटीत असा हिशेब मिनिटांत ठेवतात. अंगावरील कॅमेऱ्यांचे चित्रण कोणाच्या मालकीचे, नागरिकाने माहिती मागितली तर ती कोणी द्यायची, आणि शहराच्या पैशाने घेतलेल्या गाड्या व यंत्रे करार संपल्यावर कोणाकडे राहणार, यांवरही एकेक वाक्य पुरेसे असते, पण ते असले पाहिजे.

सहावी पायरी: मंजुरी

करार सिटी कौन्सिल आणि काउंटीचे मंडळ या दोघांनी मंजूर करावा लागतो. कॅलिफोर्नियात कौन्सिलच्या नियमित सभेची कार्यक्रमपत्रिका ७२ तास आधी प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. ती आल्याबरोबर पोलीस करार कोणत्या भागात ठेवला आहे, ते पाहावे. नेहमीचे विषय एकत्र करून एकाच मताने मंजूर करण्याचा एक भाग पत्रिकेत असतो, आणि लक्षावधी डॉलरचे करारही कधी कधी तिथेच बसवलेले असतात. कोणताही नगरसेवक तो विषय बाहेर काढून स्वतंत्र चर्चेसाठी घेण्याची मागणी करू शकतो, आणि रहिवासी नगरसेवकाला तशी विनंती करू शकतो. सभेत प्रत्येकाला मोजकीच मिनिटे मिळतात, म्हणून भाषण न करता तक्त्यावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारावा, त्याचा परिणाम अधिक होतो.

सातवी पायरी: दर महिन्याचा अहवाल

सही झाल्यावर शहराने एका कर्मचाऱ्याला हे काम नेमून द्यावे. ३० दिवसांच्या महिन्यात दोन गाड्यांचे १,४४० तास होतात. अहवालात १,२९६ तास दिसले तर ९० टक्के हा आकडा ऐकायला बरा वाटतो, परंतु कमी पडलेले १४४ तास म्हणजे एक गाडी महिन्यातील सहा पूर्ण दिवस रस्त्यावर नव्हती. अहवाल असा उलगडून कौन्सिलपुढे ठेवला की चर्चेला दिशा मिळते. त्याबरोबर तातडीच्या फोनवर पोहोचण्याचा वेळ, ओव्हरटाइमचा वाटा आणि शहरात नेमलेले अधिकारी किती वेळा बदलले, एवढे तीन आकडे पाहिले तरी पुरते. वारंवार बदलणारा अधिकारी शाळेच्या मुख्याध्यापकांना ओळखत नाही, दुकानदारांना ओळखत नाही, आणि देवळातील उत्सवाची गर्दी कुठे होते हेही त्याला माहीत नसते.

रहिवाशांच्या तक्रारींचा मार्गही स्पष्ट करावा. डेप्युटीच्या वर्तनाविषयीची तक्रार शहराकडे आली तरी तिची चौकशी शेरीफ कार्यालय करते. म्हणून प्रत्येक तक्रारीची प्रत शहराकडे यावी आणि तिचा निकाल काय लागला हे, कायद्याने जितके सांगता येते तितके, कळवले जावे. लॉस एंजेलिस काउंटीत शेरीफच्या कामावर लक्ष ठेवणारा नागरी आयोग २०१६ पासून आहे, आणि कॅलिफोर्नियातील काउंटींना समन्स काढू शकणारी देखरेख मंडळे नेमण्याची मुभा २०२० च्या कायद्याने मिळाली आहे. आपल्या काउंटीत असे मंडळ आहे का ते पाहून त्याची माहिती शहराच्या संकेतस्थळावर ठेवावी.

आठवी पायरी: बाहेर पडण्याची तयारी

करार मोडायचा विचार नसला तरी मुदतपूर्व समाप्तीचे कलम नीट वाचावे. नवे दल उभारायला प्रमुखाची निवड, भरती, इमारत, डिस्पॅचची सोय आणि विमा धरून दीड ते दोन वर्षे सहज लागतात, आणि नोटिशीची मुदत दोन-तीन महिन्यांचीच असेल तर शहर हातपाय बांधल्यासारखे होते. ही मुदत दोन्ही बाजूंसाठी किमान एक वर्षाची असावी, कारण शेरीफही करार सोडू शकतो. हस्तांतरणाच्या काळात चालू तपासांची कागदपत्रे, जमा केलेला पुरावा आणि प्रलंबित खटल्यांतील साक्षीदार अधिकारी यांची जबाबदारी कोणाकडे राहील, याची यादी करारासोबतच तयार करून घ्यावी आणि दर नूतनीकरणाच्या वेळी ती अद्ययावत करावी.